फटीतला पिंपळ

देवरावचं खुरपं पिंपळाच्या रोपापाशी येऊन थांबलं.

फाटकापासून पोर्चपर्यंतच्या शहाबादी फरश्या त्यानं सकाळपासून लख्ख केल्या होत्या. फटीफटीतली हरळी सळईनं उकरून काढली होती. आघाडा नि काँग्रेस गवत उपटून कोपऱ्यात ढीग लावला होता. तारेच्या ब्रशनं शेवाळ घासताना बोटांची सालं निघाली होती. पावसाळा सरला की धरमपेठेतल्या बंगल्यांची अंगणं अशी साफ करून देणं हाच त्याचा धंदा. आता फटींत मिठाचं उकळतं पाणी ओतलं आणि वर रेती-सिमेंट भरलं, की पुढच्या पावसापर्यंत गवताची काय बिशाद होती!

उरलं होतं ते एवढंसं रोप. वीतभर उंच. चार पानं, तीही उन्हानं मान टाकलेली.

"देवराव, तेवढं काढून टाका हो," पोर्चच्या पायरीवरून घरच्या मालकीणबाई, यमुताई म्हणाल्या. "फरश्या उचलतंय मेलं. आमच्यापैकी कोणी हात लावणार नाही त्याला. पिंपळ उपटला की उपटणाऱ्याचा निर्वंश होतो म्हणतात. तुमच्यात नाही ना हे असलं?"

तुमच्यात! देवरावची मान ताठ झाली. छप्पन साली त्यानं लाखोंच्या गर्दीत उभं राहून देव सोडले होते, आणि देवांबरोबर भुतंही. आता घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यात मागं हेच झाड होतं. ते त्यानं सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, बाई, पिंपळाचा मान आमच्यात तुमच्याहून कमी नाही. पण ताठ मानेला असलं काही सुचत नाही.

"मी नाई मानत मुंजाफुंजा," तो म्हणाला.

बोलला खरा, आणि त्याला घाम फुटला. त्याची लेक गोपिका पहाटेपासून दवाखान्यात अडली होती. पहिलटकरीण पोर. मूल आडवं आहे, असं नर्स सांगून गेली होती. तो दाराशी येरझारा घालत होता तेव्हा बायकोनंच त्याला पिटाळलं होतं, "तुमी इथं चकरा मारून माहा जीव नोका खाऊ. कामावर जा." म्हणून तो इथं होता. आणि पोरीच्या जिवाची अशी ओढाताण चाललेली असताना त्याला निर्वंशाचं झाड उपटायचं होतं.

देव सोडता येतात. भीती मात्र आपल्याला सोडत नाही. लहानपणी आईनं सांगितलेला मुंजा, फांदीवर पाय हलवत बसलेला, इतक्या वर्षांनी भर दुपारी त्याच्या मानगुटीशी येऊन बसला.

"राहू द्या ना, आई," दारातून आवाज आला. यमुताईंची सून सुमती. तिला सातवा लागला होता. आधीची दोन तिच्या पोटात टिकली नव्हती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. "नका काढायला लावू. असू द्या तिथंच."

"तू आत जा बघू!" यमुताई घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या. मग आवाज उतरवून देवरावला म्हणाल्या, "आणि काढताना तोंडानं म्हणा हो, मी माझ्या हातानं काढलं म्हणून. म्हणजे कसं, आमच्याकडे काही उरत नाही."

देवरावला संताप आला. यांचं नातवंड तेवढं नातवंड, आणि माझं? पोरगी अडली आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. पण या दारात उभं राहून 'मला भीती वाटते' म्हणायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं.

त्यानं खुरपं बाजूला ठेवलं. रोप बुंध्याशी धरलं. डोळ्यांपुढे गोपिकाचा घामेजलेला चेहरा आला. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि हिसका दिला.

रोप अलगद हातात आलं.

त्यानं डोळे उघडले. मूळ मध्येच तुटलेलं होतं आणि तुटलेली जागा केव्हाच सुकून काळी पडली होती. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी फटीतली माती ओली होती. त्या मातीत बोटं दाबल्याचे ठसे होते, बारीक, बाईमाणसाच्या बोटांचे. काल-परवा रांगोळीपुरती जागा साफ करताना कोणाच्या तरी हाती गवताबरोबर हेही आलं होतं, आणि तिनं घाबरून ते पुन्हा खोचून ठेवलं होतं, वर पाणीही घालत राहिली होती.

देवरावचा जीव भांड्यात पडला. त्यानं काही उपटलंच नव्हतं! गोपिका त्या शापातून सुटली होती. आता फक्त रोप वर धरायचं आणि तुटकं मूळ यमुताईंना दाखवायचं.

त्यानं मान वर केली. यमुताई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांच्या मागं, दारात, सुमती अजून उभी होती. एक हात पोटावर, चेहरा पांढराफटक. ती त्याच्या हातातल्या मुळाकडे बघत होती. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि अगदी हळू मान हलवली. नका सांगू. तिच्या डोळ्यांतली भीती देवरावला लगेच ओळखू आली. सकाळपासून तो तीच घेऊन बसला होता.

"निघालं का हो?" यमुताईंनी डोळे न उघडताच विचारलं.

देवरावनं तुटकं मूळ मुठीत झाकलं. गोपिकाचं नाव एकदा मनात घेतलं. मग दारापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"लय घट्ट होतं, माय. म्या उपटलं. माह्याच हातानं."