विमलबाईंची अट

उलव्यातलं घर मुलाच्या नावावर करताना विमलबाईंनी बक्षीसपत्रात एकच अट घालून घेतली होती: आई या घराबाहेर राहायला गेली, तर घर पुन्हा आईचं. म्हातारपणी पोरानं हाकलू नये, एवढंच मनात होतं.

आज खांदेश्वरहून धाकट्या लेकीचा फोन आला. बाळाचं बारसं आहे, आठ दिवस राहायला ये.

"टेन्शन नको देऊ, आई," मुलगा धनेश म्हणाला. "तू आठ दिवस तिकडे राहिली आणि उद्या कोणी तेच कोर्टात दाखवलं, तर मी बेघर? इथे काय कमी हाय तुला?" त्याने गेटची चावी खिशात टाकली आणि तो कामाला गेला.

नात भाविका सोफ्यावर मोबाइलवर लढाईचा गेम खेळत होती. "आजी, शेजारच्या राजाशी तह केला. आता मला किल्ल्यातून कोणी काढू शकत नाही."

"ना तुला भायेर जावाचा आसंल तं?"

"मग तह मोडायचा. हे बघ, इथे बटन आहे."

विमलबाईंनी कपाटातून बक्षीसपत्र काढलं आणि एकेका पानावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या.



प्रत्येक पानावर त्यांचाच अंगठा होता.