खिडकीजवळची आई

दार उघडं राहिलं आणि आई सकाळीच घराबाहेर पडली. दुपारचे चार वाजले तरी तिचा पत्ता नव्हता, आणि हल्ली तिला स्वतःचं नावही सांगता येत नसे.

"चेहरा नीट दिसेल असा अलीकडचा एक फोटो द्या," चौकीतला हवालदार म्हणाला. "लगेच सगळीकडे पाठवतो."

मुलगा फोटोग्राफर होता. फ्लॅशला हातही न लावता, नुसत्या खिडकीतल्या उजेडात काढलेल्या आईच्या फोटोंनीच त्याचं नाव झालं होतं. त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. कोवळ्या उन्हात आईचे सुरकुतलेले हात. खिडकीशी पाठमोरी आई. मावळतीपुढे आईची काळी आकृती. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. तो वेड्यासारखा एकेक फोटो पुढे सरकवत राहिला.

"यावरून कोण ओळखणार, साहेब?" हवालदार हळूच म्हणाला.

"मी मोबाइलवर काढत होते," सोबत आलेली बहीण म्हणाली. "तूच म्हणालास, उजेड धड नाही, राहू दे."

हवालदाराने वही पुढे ओढली. "बरं, तोंडी सांगा. दिसायला कशा आहेत?"

मुलगा पुन्हा लॅपटॉपमधले फोटो चाळू लागला. शेवटी बहीणच बोलू लागली. "डाव्या गालावर मोठा मस आहे. समोरचे दोन दात पडलेत."

"दात कधी पडले?" त्याने विचारलं.

"वर्ष झालं, दादा," ती म्हणाली आणि हवालदाराला आईच्या डोळ्यांचा रंग सांगू लागली.