लॉजवाल्याचं रक्त

बेंटिलचं रक्त तपासून, जुळवून, पिशवीत भरून तयार होतं. आणि आंटी अराबा वॉर्डाच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती.

"लॉजवाल्याचं रक्त माझ्या मुलीच्या अंगात जाणार नाही," ती म्हणाली. "जायचीच असेल तर ती देवाकडे जाईल. तुमच्याकडे नाही."

आत फिलिपा पांढरीफटक पडली होती. बाळंतपण पार पडलं होतं, मुलगी झाली होती, पण अंगातलं रक्त बरंचसं वाहून गेलं होतं. नवरा बोट घेऊन समुद्रावर. होकार द्यायचा तो आईनेच. सिस्टरने समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. म्हातारी जागची हलेना.

बेंटिल व्हरांड्यात येरझारा घालत होता. अंगात काळा सूट, पांढरे हातमोजे खिशात कोंबलेले, लॉजची पेटी बाकावर ठेवलेली, कोपराच्या लवणीत कापसाचा बोळा. आज दीपस्तंभ लॉजचा, म्हणजे त्यांच्या गुप्त बंधुमंडळाचा, वर्धापनदिन. अपाम गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना मक्याची उकडलेली केंकी आणि तळलेली मासळी वाढत असताना दवाखान्याचा फोन आला होता. रक्त कमी पडलं की लॉजच्या भावांना बोलवायचं, ही इथली जुनी रीत. लॉजचे मास्टर डॅड्झी यांनीच त्याला गाडीतून आणलं होतं. तिकडचा बँड अजून वाजत होता, वाऱ्यासरशी इथवर ऐकू येत होता.

"आंटी, मला ओळखत नाहीस का? तुझ्या बोटीचं इंजिन कोण दुरुस्त करतं?"

"ओळखते म्हणून तर इथे उभं राहू दिलंय. इंजिन उघडलंस की आतलं सगळं मला दाखवतोस. लॉजचं दार मात्र आतून लावता. खिडक्यासुद्धा. दरसाल एका जिवाचा बळी देता म्हणे तिथे."

"लोक काय, वाट्टेल ते बोलतात."

"मग तू बोल. आत काय करता ते सांग मला. पटलं, तर लावू देते पिशवी."

"ब्रदर बेंटिल," डॅड्झी हलक्या आवाजात म्हणाले, "शपथ आठवते ना?"

आठवत होती. गुडघे टेकून, ग्रंथावर हात ठेवून घेतलेली. बायकोने सुरुवातीला विचारून विचारून शेवटी नाद सोडला होता. दारूच्या नशेतही त्याच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नव्हता. गावात त्याच्याजवळ अभिमान धरावा असं दुसरं फारसं काही नव्हतं.

आंटीच्या खांद्यावरून त्याला पडद्याखालचा फिलिपाचा पाय दिसत होता. टाचेला कालची वाळू चिकटलेली. पाय हलत नव्हता.

"काय ते लवकर ठरवा," सिस्टर आतून ओरडली.

"मास्टर, तुम्ही गाडीत बसा."

"मी ऐकलं तर मला वर कळवावं लागेल, बेंटिल."

"म्हणून तर म्हणतो, गाडीत बसा."

डॅड्झी गेले नाहीत. त्यांनी दोघांकडे पाठ फिरवली आणि भिंतीवरचं स्तनपानाचं चित्र बघत उभे राहिले.

बेंटिल आंटीच्या कानाशी वाकला.  त्याने सगळं सांगितलं. दारावर किती टकटक, आतून काय विचारतात, बाहेरच्याने काय म्हणायचं, पेटीत काय असतं. गावात कोण आजारी आहे ते कसं वाचून दाखवतात. आधी छत दुरुस्त करायचं की आधी अनाथ पोरांची फी भरायची, यावर म्हातारे कसे घसा बसेपर्यंत भांडतात.

"आणि मग?"

"मग जेवतो."

"आणि बळी?"

"कोंबडीचा, आंटी. तोही खानावळीतून शिजवून येतो."

आंटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. बंदरावर मासळीची टोपली घेण्याआधी ती वरचे मासे बाजूला सारून तळ बघायची, तशी.

"एवढंच?"

"एवढंच."

"यासाठी खिडक्या लावून बसता? या उकाड्यात?"

 आंटीचे हात चौकटीवरून खाली आले.

"लाव गं पोरी," ती सिस्टरला म्हणाली.

डॅड्झी वळले. बाकावरची बेंटिलची पेटी त्यांनी उचलली. तिच्यात बैठकीत बांधायचा त्याचा लॉजचा एप्रन होता.

"हे मी नेतो. पुढच्या बैठकीत तुझा विषय निघेल."

"हो."

 पण डॅड्झी गेले नाहीत. पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसले.

बेंटिल पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं: आता आपली शवपेटी लॉजच्या भावांचे पांढऱ्या हातमोज्यांतले हात उचलणार नाहीत. खिशातल्या मोज्याचं एकेक बोट तो ओढत राहिला. आत पिशवी थेंबाथेंबाने उतरत होती.

उन्हं कलली तेव्हा फिलिपाने पाणी मागितलं. थोड्या वेळाने, बाळाला इतकं घट्ट का गुंडाळलंय म्हणून ती सिस्टरवर चिडली. ते ऐकून आंटी अराबा बाहेर आली आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

फाटकाशी धुरावर मासे भाजणाऱ्या बायका जमल्या होत्या. बातमी तोवर बंदरापर्यंत पोचली होती. त्यांनी आंटीला घेरलं.

"काय सांगितलं गं त्याने? रक्त पितात ना? बळी देतात ना? बोल की!"

पायरीवर बेंटिलने मान वर केली. बाकावर डॅड्झीही बघत होते.

आंटीने कमरेचं कापड सोडून पुन्हा घट्ट बांधलं.

"तुम्हाला कसं सांगू?" ती म्हणाली. "ते आतलं आहे."