तीस कपांची किटली

अल्माने अंडं कवचासकट कॉफीच्या पुडीत चुरडलं, लाकडी चमच्याने कालवलं आणि तो काळा गोळा उकळत्या किटलीत सोडला. गोळा तळाशी गेला, मग फुगून वर आला. वरून तिने कपभर गार पाणी ओतलं. गाळ खाली बसला आणि कॉफी मधासारखी नितळ झाली.

किटली तीस कपांची. गावातलं चर्च बंद झालं तेव्हा बाकं लोकांनी वाटून घेतली आणि किटली अल्माकडे आली. अंड्याची कॉफी एका कपापुरती होत नाही. नवरा गेल्यापासून चार वर्षं ती गरम पाण्यात बाटलीतली पूड ढवळून पीत होती. आज मात्र तेल कंपनीचा माणूस यायचा होता. फोनवर म्हणाला होता, चांगली बातमी आहे.

खिडकीतून उत्तरेचं शेत दिसत होतं. गुडघाभर गव्हाच्या मधोमध पाच एकरांचा रिकामा चौकोन, चार कोपऱ्यांना चार खुंट्या, प्रत्येकीला नारिंगी फीत. आर्नेने, तिच्या नवऱ्याने, मरायच्या आधी कंपनीच्या करारावर सही केली आणि त्याच उन्हाळ्यात मोजणीवाले येऊन त्या ठोकून गेले. तेलाचा मनोरा इथे उभा राहणार म्हणाले. त्यानंतर कुणी आलं नाही.

तिचं शेत खंडाने करणारा शेजारी लोवेल हॉगन दर वसंतात विचारायचा, चौकोनही पेरू का, आणि ती दर वसंतात तेच सांगायची, की तेवढी जागा सोड.

"अल्मा, कंपनी दर चौथ्या शेतात खुंट्या मारत सुटलीय," तो एकदा म्हणाला होता. "खुंटी म्हणजे काय लग्नाची पत्रिका आहे होय?"

थंडीत जमीन गोठून फुगली की खुंट्या वर यायच्या. बर्फ वितळल्यावर अल्मा हातोडा घेऊन जायची आणि त्या परत ठोकायची. फिती उन्हाने विटल्या तेव्हा तिने आर्नेचं शिकारीचं नारिंगी जाकीट कापून नव्या बांधल्या.

नॉर्थ डकोटाच्या त्या माळावर तेव्हा सगळेच तेलाच्या पैशांची वाट बघत होते. गावातल्या हॉटेलात कुणी नव्या छपराच्या गोष्टी करी, कुणी उबदार ऍरिझोनात घर घ्यायच्या. अल्माने मोजणीवाल्यांना एकच विचारलं होतं, मनोऱ्यावर माणसं किती असतात. वीस-पंचवीस, ते म्हणाले होते. तिच्या लहानपणी घरच्या अंगणात मळणीचं यंत्र यायचं तेव्हा त्याच्याबरोबर माणसं एवढीच यायची. हौदावर ओळीने हात-तोंड धुवायची, एकमेकांच्या टोप्या लपवायची, आणि आई दिवसातून पाच वेळा वाढायची. कप मांडायचं काम अल्माचं. आज तिने पंचवीस कप काढून धुऊन ठेवले होते. उगाच. धूळ बसली होती म्हणून.

कंपनीचा माणूस अकराला आला. ट्रेंट नाव, ओक्लाहोमाकडचा, बूट कोरे. कॉफीची त्याने मनापासून तारीफ केली, आंबट रुबार्बच्या देठांच्या गोड वड्यांची बशी बाजूला सारली आणि टेबलावर नकाशा पसरला.

मनोरा लोवेल हॉगनच्या जमिनीवर उभा राहणार होता. तिथून नळी दोन मैल खोल जाईल, मग आडवी वळेल आणि अल्माच्या शेताखालून पार पलीकडच्या बांधापर्यंत जाईल.

"तुमचा वाटा ठरल्याप्रमाणे, एक सेंटही कमी नाही," ट्रेंट म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे बाई, धूळ नाही, ट्रक नाहीत, आवाज नाही. तुमच्या आवारात कुणी पाऊलसुद्धा टाकणार नाही."

भेटवस्तू द्यावी तसं त्याने ते सांगितलं.

अल्मा नकाशावरच्या लाल रेघेकडे बघत राहिली. ती तिच्या घराखालून नव्हे, पण जवळून जात होती. मग तिने विचारलं, लोवेल काय म्हणाला. ट्रेंट हसला. हॉगनसाहेबांनी फाटकाची साखळीसुद्धा काढली नव्हती, बोलणं फाटकावरच झालं होतं.

"त्याच्याकडे कप दोनच आहेत," अल्मा म्हणाली.

ट्रेंटला ते कळलं नाही. तो नकाशाची घडी घालत उठला. खिडकीपाशी थबकला.

"त्या खुंट्या अजून शाबूत कशा? एव्हाना कुजायला हव्या होत्या. आता त्यांचं काही काम नाही. सांगतो मी काढायला."

"कुणाला?"

"येईल कुणीतरी."

"कधी?"

त्याने खिशातून वही काढली. पुढच्या आठवड्यात, बुधवारी वगैरे, असं म्हणत तो लिहू लागला. चार खुंट्या, एक माणूस.

"जमीन टणक आहे तिथली," अल्मा म्हणाली. "दोघं पाठवा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग एकवर काट मारून दोन केले.

गाडीची धूळ रस्त्यावर बराच वेळ दिसत राहिली. अल्माने किटलीचं झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. ट्रेंटचा कप धुतला, पुसला, बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. मग तिने छपरीतून हातोडा काढला आणि गव्हातून वाट काढत चौकोनाकडे गेली.

पहिल्या खुंटीशी ती वाकली. फीत नीट केली. आणि हातोडा दोन्ही हातांनी उचलून ती खुंटी आणखी खोल ठोकू लागली.