समुद्राला सलामी

शिडाच्या होड्यांची शर्यत निम्म्यावर आली होती. शिडाखालची आडवी दांडी वाऱ्यानं गर्रकन फिरली, आणि पाहुणा म्हणून शर्यतीत उतरलेल्या संग्रामनं ती समोरचा पैलवान असल्यागत दोन्ही हातांनी धरली.

"सोडा ती, खाली वाका," सुकाणूवरच्या हर्षदाचा आवाज धक्क्यापर्यंत आला. पण पकड सोडायची नाही, हे मीच त्याला तालमीत शिकवलेलं. होडी कलंडली. ज्याची पाठ कुठल्याच मैदानात कुणाला टेकवता आली नव्हती, तो कॅमेऱ्यांसमोर उताणा समुद्रात पडला.

धक्क्यावर माझ्या आजूबाजूला हशा पिकला. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावून सलामी देणारा हा गडी सकाळी मात्र लोकांना हात हलवत तसाच होडीत चढला होता. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

दोघांना धक्क्यावर आणल्यावर चॅनेलवाल्यानं त्याच्यापुढे माईक केला. "वारा फार होता का, पैलवान?"

"वारा सगळ्यांना सारखाच होता. ताई सोडा म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. चीत झालो."

मग तो हर्षदाकडे वळला. "दुसऱ्या फेरीला घ्याल का मला?"

"सोडा म्हटलं की सोडायचं."

"सोडतो, ताई."

होडीत पाय ठेवण्याआधी तो वाकला. बोटं समुद्रात बुडवून त्यानं ते पाणी कपाळाला लावलं.

मघाशी हसणाऱ्या, शेजारी उभ्या माणसानं मला विचारलं, "तुमचे कोण हे?"

"माझा पठ्ठा," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.