शेजारची खुर्ची

धर्मापुरीच्या संगमेश्वरअप्पांचं विमान कैक वर्षांपासून त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीतच उडत होतं. समोर कॉम्प्युटरचे तीन मोठे पडदे, पायाखाली पेडल, हातात दांडा, आणि उजवीकडे दुसऱ्या वैमानिकाची खुर्ची. ती बायकोसाठी होती. पण गंगासागर कधी बसली नाही. "मला चक्कर येती," म्हणायची.

त्या सकाळी ती वर गच्चीवर कुरडया घालत होती. अप्पांनी विमान गावावर आणलं. देऊळ, दुकान, गच्ची, सगळं त्यांनीच हौसेनं पडद्यावर उभं केलं होतं. माणसं तेवढी घातली नव्हती. घर आलं तसा त्यांनी नेहमीप्रमाणे सलामीला उजवा पंख झुकवला.

गच्चीवर लाल लुगड्यातली बाई हात हलवत होती.

अप्पा हरखले. वळसा घालून पुन्हा आले, आणखी खालून.

तेवढ्यात गंगासागर जिना उतरून दारात आली. लाल लुगडं, हात चिकानं माखलेले, चेहरा खुललेला.

"लई खाली आलतात. कुरडया उडाल्या असत्या की."

"तुला दिसलो?"

"न दिसायला काय झालं? दोघं बी दिसले." ती लाजून हसली. "पण मला शेजारी बसवलंत कवा? लई खूश दिसत होते मी."