अचूक नेम

अँटिबायोटिक नॅनोकणांत गुंडाळायचं आणि वाटेत कुठंही न सांडता थेट जंतूपाशी नेऊन उघडायचं, हे माझं संशोधन. सोलापुरातल्या आमच्या लॅबमध्ये ते जमायला लागलंय. घरी मात्र घसा सुजून तापानं फणफणलेली माझी चिमुरडी सिद्धी औषधाचा प्रत्येक घोट माझ्याच अंगावर थुंकत होती.

शेवटी डॉक्टरांना विचारून मी तिच्या अँटिबायोटिकच्या गोळीची पूड केली आणि शेंगापोळीच्या सारणात लपवली. सिद्धी पोळी घेऊन तिच्या अज्जाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत पळायची. त्यांना शुगरमुळं गोड बंद, त्यात दाढ सुजलेली. बिचारे नातीच्या पोळीचा नुसता वास घेत असतील, असं वाटून मला वाईटही वाटायचं.

थोड्या वेळानं रिकामी ताटली नाचवत सिद्धी यायची. "संपली की गं आई! आता मोठी दे."

मी खूश. ताप मात्र उतरायचं नाव घेईना.

आज सकाळी सासरे गाल चाचपत, हसत बाहेर आले.

"महेश्वरी, दातवाल्या डॉक्टरकडं जायचं ऱ्हाऊ दे गं. सूज आपोआप उतरली की!"